ओट्याने घर बदललं

हॅनोव्हरमध्ये भाड्याचं घर मिळावं म्हणून माणसं काय काय करतात! एका फ्लॅटसाठी फुटपाथपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत रांग लागते. रांगेतले बाप्ये कडक इस्त्रीचे शर्ट घालून येतात, बायका घरमालकिणीच्या कुत्र्यालासुद्धा अहोजाहो करतात, आणि सगळे एकमेकांकडे बघून असं हसतात, जणू घर कुणालाच नकोय, सहज जिना बघायला आलेत. या सगळ्या गरीब बिचाऱ्यांत तेक्लेची आई एतेरी ही एकटीच बाई अशी होती, की ती घरमालकांनाच नापास करून परत यायची.

"या स्वयंपाकघरात दोन बायका आणि एक भांडण एवढंसुद्धा मावणार नाही," ती म्हणायची. बोलायची जॉर्जियनमध्ये, पण नाक असं उडवायची की भाषांतराची गरजच पडायची नाही.

"अगं आई, त्यांनी आपल्याला अजून हो कुठे म्हटलंय?" तेक्ले दात-ओठ खात कुजबुजायची.

"त्यांनी कशाला म्हणायला हवं? मी नाही म्हणतेय ना!"

तेक्ले पंधरा वर्षांची. जॉर्जियातल्या कुताइसीहून इथे आल्यावर पहिलं वर्षभर शाळेत तिने तोंड उघडलं ते फक्त डबा खायला. सगळ्यांना वाटायचं, पोरगी भारी सोज्वळ आहे. मग या हिवाळ्यात, एका गुरुवारी, इतिहासाच्या तासाला तिने हात वर केला, आणि तो हात अजून खाली आलेला नव्हता. आता ती वादविवादाच्या संघात होती. शाळेच्या फाटकावर चढून भाषण केल्याबद्दल तिला एकदा समज मिळाली होती. उन्हाळ्यातल्या शाळेच्या कार्यक्रमाचं निवेदन तीच करणार होती. बोलायला लागल्यावर इतकी मजा येते हे तिला कुणी आधी का सांगितलं नव्हतं?

पण आईचा एक हुकूम होता. चौघं मिळून बद्रीमामाच्या दोन खोल्यांत राहत होते, आणि बद्रीमामा झोपेत घोरायचा नाही, गायचा. "सुट्टी लागायच्या आत मला माझ्या मनासारखं घर मिळालं तर ठीक," एतेरी म्हणाली होती. "नाहीतर शनिवारची बस. सरळ कुताइसी." ती बस स्टेशनच्या मागून दर शनिवारी सुटायची आणि एतेरी बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. तेक्लेला रात्री स्वप्न पडायचं, की ती बसमध्ये बसलीय आणि तिचा वर केलेला हात मात्र हॅनोव्हरमध्येच राहिलाय, इतिहासाच्या वर्गात, एकटाच.

आणि मग आलं लिंडन भागातलं फ्राऊ टीमानचं, म्हणजे टीमानबाईंचं, घर.

फ्राऊ टीमान तळमजल्यावर राहायच्या. सत्तरीच्या, छोट्या चणीच्या, चष्म्याला साखळी. घर तिसऱ्या मजल्यावर. एतेरीने नेहमीप्रमाणे बाकीच्या खोल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, ती थेट स्वयंपाकघरात शिरली. आणि थांबली. फिकट हिरवी कपाटं, लाकडी ओटा, बेसिनच्या वर खिडकी. भांडी घासता घासता समोरच्या बाल्कनीतलं भांडण ऐकता येईल अशी! एतेरीने एक खण उघडला आणि ढकलला. तो आपला आपण, हळूच, सावकाश बंद झाला. तिने पुन्हा ढकलला. पुन्हा तसंच. रांगेतली माणसं मागे तुंबली. कोपऱ्यात आधीचे भाडेकरू हेर ओल्डेकॉप, म्हणजे श्रीयुत ओल्डेकॉप, एक उंचच उंच टकले गृहस्थ, टेपने ओट्याची लांबी मोजत होते. तेक्लेला वाटलं, असेल काही छंद. जर्मन माणसं सुट्टीच्या दिवशी काय काय मोजतात.

एतेरीने हातातली पिशवी जमिनीवर ठेवली. ती कुठल्याही परक्या घरात पिशवी खाली ठेवायची नाही. बाबांनी तेक्लेकडे पाहिलं, तेक्लेने बाबांकडे.

घर त्यांना का मिळालं, हे आजही कुणाला नक्की माहीत नाही. तेक्लेचे बाबा, झाझा, यांनी रांगेतल्या सगळ्यांना, म्हणजे अक्षरशः प्रतिस्पर्ध्यांना, खिशातून चुर्चखेला काढून वाटल्या होत्या. द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या त्या माळा. फ्राऊ टीमानने एक चावली, "दात पडला असता माझा," म्हणाल्या, आणि दुसरी मागून घेतली. बहुतेक तेच कारण असावं.

पहिल्या तारखेला सामान हलवायचं ठरलं, आणि बाबांनी त्याच संध्याकाळी जेवणाचं बोलावणं देऊन टाकलं. झाझाला माणूस दिसला की आमंत्रण सुटतं, जशी दुसऱ्या कुणाला शिंक सुटते. बाबा कामाला होते त्या बेकरीतले सोबती, फ्राऊ टीमान, दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं, आणि कुरियर घेऊन आलेला एक माणूस, ज्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

"नवीन घरात पहिल्या दिवशी पाहुणे नाही जेवले, तर ते घर कसलं? गोदाम!" असं बाबांचं म्हणणं.

एतेरीने सकाळीच मामाकडे खिंकालीची कणीक तिंबली, खिमा कालवला. खिंकाली म्हणजे मोदकाची थोरली, मांस खाणारी बहीण. आत गरम रस्सा, वर कळ्या पाडून देठ. मामाच्या व्हॅनमध्ये एतेरी खिम्याचं पातेलं मांडीवर धरून पुढे बसली. मागे तेक्ले गाद्यांवर लोळत होती आणि मोठमोठ्याने गात होती. आता सगळं ठरलं होतं. आता कसली बस आणि कसला शनिवार!

बाबांनी दार उघडलं. एतेरी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मग काहीच आवाज आला नाही. एतेरीच्या बाबतीत हे फार वाईट लक्षण.

तेक्ले धावत गेली. स्वयंपाकघर नव्हतं. म्हणजे खोली होती. खिडकी होती, भिंती होत्या. भिंतीतून एक पाइप बाहेर डोकावत होता, एक वायर लोंबत होती. बाकी ओटा नाही, बेसिन नाही, शेगडी नाही, कपाटं नाहीत, फ्रिज नाही. छताला दिवा नाही. खिडकीला पडद्याची दांडीसुद्धा नाही.

"लुटलं!" बाबा दारातून ओरडले. "लुटलं आपल्याला! ओटासुद्धा नेला!"

"ओटा कोण नेतं रे?" मामाने गादी खाली टाकली. तो खोलीभर फिरला, भिंतीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. "ताई, हे साधेसुधे चोर नाहीत. यांनी जाताना भिंती रंगवल्यात."

"काय?"

"ताजा रंग आहे. खिळ्यांची भोकं पण बुजवलीत. आणि फरशी बघ. पुसलीय!"

सगळ्यांनी फरशीकडे पाहिलं. खरंच आरशासारखी लखलखत होती.

"मी सहा वर्षं या देशात आहे," मामा आदराने म्हणाला, "पण असले चोर मी पाहिले नाहीत. संडासपण घासून गेलेत."

तेक्लेने तोवर पोलिसांना फोन लावलाही होता. पूर्वी ती पिझ्झा मागवायलाही घाबरायची. आता पोलीस म्हणजे काय, तिने पंतप्रधानांनाही लावला असता. पलीकडे एक बाई होत्या.

"काय चोरीला गेलंय?"

"स्वयंपाकघर!"

"स्वयंपाकघरातलं काय?"

"स्वयंपाकघरातलं स्वयंपाकघर!"

"बाळा, सावकाश सांग. काय काय दिसत नाहीये?"

"ओटा, बेसिन, शेगडी, कपाटं, फ्रिज, दिवे. खण होता एक, तो आपोआप बंद व्हायचा, तोसुद्धा नाही. आणि त्यांनी फरशी पुसलीय, म्हणजे बोटांचे ठसे पण गेले!"

"तुमच्या आधी तिथे कुणी भाडेकरू होते का?"

"होते ना."

"ते घर सोडून गेले?"

"हो, परवाच."

पलीकडे बाईंनी कुणाला तरी हाक मारली, "अरे, इकडे ये, हे ऐक." मग त्या फोनमध्ये अगदी मायेने म्हणाल्या, "तुझं स्वयंपाकघर चोरीला नाही गेलेलं, बाळा. त्याने घर बदललंय."

तेवढ्यात फ्राऊ टीमान वर आल्या. नव्या घरात देतात तसे पाव आणि मीठ त्यांच्या हातात होते. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं.

"हेर ओल्डेकॉपने ओटा नेला!" तेक्लेने तक्रार केली.

"मग? त्यांचाच होता तो. नाही नेणार?"

"पण तो घराचा असतो ना!"

"घराचा कसा असेल? घराच्या भिंती. ओटा माणसाचा. जाताना माणूस आपली विजार ठेवून जातो का?" फ्राऊ टीमान खरोखरच गोंधळल्या होत्या. "तुमच्याकडे काय करतात?"

"ओटा तिथेच राहतो. नवीन माणसं येतात ती वापरतात."

"आधीच्या लोकांचा? अनोळखी माणसांचा ओटा?" फ्राऊ टीमानच्या अंगावर शहारा आला. पाव-मीठ ठेवायला त्यांनी जागा शोधली, ती नव्हती, म्हणून त्यांनी ते झाझाच्याच हातात दिलं आणि ओल्डेकॉपचा नवा पत्ता सांगून टाकला. मागची गल्ली, सायकलच्या दुकानावर.

तेक्लेने हे सगळं आईला जॉर्जियनमध्ये सांगितलं. एतेरीने ऐकून घेतलं. मग ती गाद्यांच्या ढिगावर बसली, पातेलं मांडीवर.

"शनिवार," ती म्हणाली.

"एतेरी, ऐक तरी," बाबा.

"काही सोडायचं नाही. एक बोचकं उघडलंत तर बघा. ज्या देशात ओटा पायांनी चालत जातो, तिथे मी राहत नाही."

"अगं, पण संध्याकाळी माणसं येतायत जेवायला!"

"त्यांना पाव-मीठ दे. आहे तुझ्या हातात."

तेक्ले जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या सोडत खाली उतरली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तो ओटा परत आणायचा. कसा, ते तिथे गेल्यावर सुचेल. हल्ली तिला सगळं तोंड उघडल्यावरच सुचायचं.

सायकलच्या दुकानावरचं दार सताड उघडं होतं आणि आत हेर ओल्डेकॉप जमिनीवर बसले होते. त्यांच्या भोवती फिकट हिरवी कपाटं आडवी-उभी पडली होती, हिमनगांसारखी. खोलीच्या मधोमध शेगडी एकटीच उभी होती, तिची वायर भिंतीपर्यंत ताणलेली. हेर ओल्डेकॉपच्या हातात करवत होती, आणि करवत ओट्यावर टेकलेली होती.

"थांबा!" तेक्ले किंचाळली.

ओल्डेकॉप एवढे दचकले की करवत कपाटामागे जाऊन पडली.

"तुम्ही... तुम्ही त्या चुर्चखेलावाल्यांची मुलगी ना?"

"हो. आणि तुम्ही ते कापू शकत नाही. माझ्या आईचं मन आहे त्यात. ती तुमच्या ओट्यावर भाळली म्हणून तर आम्ही घर घेतलं, आणि आता ओटा नाही तर ती राहणार नाही, आणि ती नाही राहिली तर मी पण नाही, आणि मी नाही राहिले तर शाळेच्या कार्यक्रमाचं निवेदन तो लेनार्ट करणार, जो प्रत्येक वाक्याआधी 'अं' म्हणतो! हे सगळं तुमच्यावर आहे!"

ओल्डेकॉपनी टकलावरून हात फिरवला. "पण ओटा माझा आहे."

"मान्य आहे."

"नऊ वर्षं आहे माझ्याकडे."

"तेही मान्य. पण इथे तो बसत नाहीये ना?"

हेर ओल्डेकॉपचा चेहरा पडला. बसत नव्हता. तिथे खिडकी डाव्या हाताला होती, इथे उजव्या. ओट्याचा कोपरा जिकडे वळायचा तिकडे इथे दार आत उघडायचं. त्यांनी तो उलटा लावून पाहिला, सुलटा लावून पाहिला. एकदा तर असा लागला की बेसिन बाथरूममध्ये गेलं. ते सिग्नल बसवणाऱ्या कंपनीत कामाला होते. चौकात कधी चूक झाली नव्हती त्यांची. आणि आज स्वतःच्या घरात सगळी वाहतूक ठप्प.

"बसवेन मी," ते हट्टाने म्हणाले. "देणार मात्र नाही. माणूस आपला ओटा देत नाही."

तेक्लेने रागाने आडव्या पडलेल्या ओव्हनचं दार उघडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत, सील न फोडलेलं, ओव्हन कसा वापरायचा त्याचं पुस्तक होतं. तिने ओल्डेकॉपकडे पाहिलं. ओल्डेकॉपनी खिडकीबाहेर पाहिलं.

"नऊ वर्षं?"

"दुपारी मी कॅन्टीनमध्ये जेवतो," ते पुटपुटले. "रात्री पाव-चीज. पण पुसतो मी रोज."

तेक्लेला त्यांचा राग यायचा एकदम थांबला, आणि त्याच क्षणी तिचं लक्ष शेगडीकडे गेलं. शेगडीवरचा लाल दिवा पेटलेला होता.

"ही चालू आहे?"

"काल इलेक्ट्रिशियन येऊन जोडून गेला. का?"

तेक्ले उत्तर द्यायला थांबलीच नाही.

घरी आई होती तशीच बसली होती. बाबा आणि मामा भिंतीला टेकून उभे होते, शिक्षा झाल्यासारखे.

"आई, खिमा खराब होईल."

"होऊ दे."

"सगळा?"

एतेरीने पातेल्यावरचं झाकण जरा सरकवलं, वास घेतला, परत लावलं. तिच्या सात पिढ्यांत कुणी खिमा खराब होऊ दिला नव्हता.

"त्या हेर ओल्डेकॉपची शेगडी चालू आहे. चल ना, तिथे उकडू."

"त्या चोराच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही."

"तो चोर नाही, आई. उपाशी आहे."

एतेरीने मान वर केली. "कोण उपाशी आहे?"

"नऊ वर्षं पाव-चीज खातोय."

"आई नाही त्याला?"

"विचारलं नाही."

"शेगडी किती तोंडांची?"

"चार."

एतेरी उठली. "झाझा, कणीक घे. बद्री, मोठं पातेलं. आणि कुणी हसलं तर बघा. हे फक्त खिम्यासाठी चाललंय."

अशी वरात निघाली. ओल्डेकॉपच्या दारात एतेरीने ना नमस्कार, ना चमत्कार. बाथरूममध्ये हात धुतले, आडव्या पडलेल्या ओट्यावर पीठ भुरभुरवलं आणि यजमानांकडे बोट केलं. "याला म्हणावं बाही वर कर."

"हेर ओल्डेकॉप, आई म्हणतेय बाह्या वर करा," तेक्लेने सांगितलं.

"का?"

"तेवढं विचारायची हिंमत माझ्यात पण नाही."

ओल्डेकॉपनी बाह्या वर केल्या. त्यांना पारीत खिमा भरून कळ्या पाडायला बसवलं. ते एकेक कळी अशी घालत होते की पुढची मागचीपेक्षा केसभरही लहान-मोठी होऊ नये. एतेरीच्या पंचवीस होईपर्यंत त्यांची एक झाली. ती पाण्यात टाकली आणि फुटली.

"सरळ आहे, पण जीव नाही यात," एतेरी म्हणाली. "सांग त्याला. खिंकाली आहे ही, पूल नाही."

तेक्लेने सांगितलं. ओल्डेकॉपनी मान डोलावली आणि पुढच्या खिंकालीच्या कळ्या डोळे मिटून घातल्या. ती फुटली नाही. मग ते इतके खूश झाले, की ती कुणालाच खाऊ देईनात.

बाबा खाली कोपऱ्यावर उभे राहून पाहुण्यांना अडवत होते. "इकडे, इकडे! घर ते आहे, पण जेवण हे आहे!" बेकरीवाले आले, दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं आलं, फ्राऊ टीमान आल्या. कुरियरवाला पण आला, हातात कुणाचं तरी पार्सल. सगळे आडव्या कपाटांवर बसले, आडव्या कपाटांवर जेवले. खायची रीत मामाने समजावली: देठ धरायचा, उलटी करायची, लहानसा चावा घेऊन आधी रस्सा ओढायचा. सुरी-काटा बंद! पण ओल्डेकॉपना सवय कुठली? त्यांनी पहिली खिंकाली काट्याने टोचली. रस्सा सरळ रेषेत उडाला तो फ्राऊ टीमानच्या चष्म्यावर.

फ्राऊ टीमानने चष्मा काढला, काच चाटली, आणि म्हणाल्या, "मिरी आहे का यात?"

मग काय, बाबा ग्लास घेऊन उभे राहिले. झाझा उभे राहिले की लवकर बसत नाहीत. पहिला ग्लास शांततेसाठी, दुसरा आयांसाठी, तिसरा गेलेल्यांसाठी. चौथा त्यांनी ओट्यासाठी उचलला, "जो माझ्यापेक्षा सुखाने घर बदलतो, आणि त्याला रांगेत उभं राहावं लागत नाही!"

फ्राऊ टीमानचे गाल लाल झाले होते. "माझा ओटा तर तीन घरं फिरलाय," त्या सांगू लागल्या. "पहिलं घर लग्नानंतरचं. मग मोठं घर. मग घटस्फोट झाला. वकील म्हणाला, फ्राऊ टीमान, गाडी घेता की ओटा? मी म्हटलं, गाडी त्याला द्या, तो हरवला की निदान गाडीत तरी सापडेल. नवरा सोडला मी. ओटा नाही सोडला."

बायका खो-खो हसल्या. एतेरीला कळलं नव्हतं. तेक्लेने सांगितलं. एतेरी हसली नाही.

"पुन्हा सांग."

तेक्लेने पुन्हा सांगितलं.

"म्हणजे कोर्टानेसुद्धा तिचा ओटा तिलाच दिला?"

"हो."

"घरमालकाने नाही म्हटलं नाही? सासूने?"

तेक्लेने विचारलं. फ्राऊ टीमान म्हणाल्या, "सासूची काय बिशाद! स्क्रू माझे होते."

एतेरी हातातल्या फडक्याची घडी घालत बसली. उघडून परत घडी.

आणि तेवढ्यात हेर ओल्डेकॉप उठले. चार ग्लास आणि अकरा खिंकाल्या पोटात, डोळ्यांत पाणी. "मी नऊ वर्षं या ओट्यावर पाव कापला," ते म्हणाले. "आज त्याच्यावर पीठ पडलं. मला कळलं, तो माझा नाहीच. फ्राऊ एतेरी, घेऊन जा. उद्याच. सगळा. खणासकट!"

तेक्लेने जागेवरून उडीच मारली. जिंकली! तिने ते आईला सांगितलं, जरा रंगवून, मधे दोन-तीन विशेषणं आपल्या पदरची घालून. बाबांनी टाळ्या वाजवल्या, मामा गायला लागला, जागेपणी. कुरियरवाल्याने अनोळखी माणसाला मिठी मारली.

"नको," एतेरी म्हणाली.

मामा सुराच्या मध्यावर थांबला.

"नको?" तेक्लेला वाटलं आपणच जॉर्जियन विसरलो. "अगं, तोच ओटा! तुझा आवडता!"

"तो त्याचा आहे. मला माझा हवा." एतेरी आता उभी राहिली आणि तिचा आवाज चढला. "लग्न झाल्यापासून मी दुसऱ्यांच्या ओट्यावर रांधतेय. सासूबाईंच्या ओट्यावर, तर 'मीठ इथे का ठेवलंस?' तुझ्या आत्याच्या ओट्यावर, तर 'झाकण तिथे का?' या बद्रीच्या ओट्यावर, तर ओट्यावर याचे मोजे! आणि आता याच्या ओट्यावर रांधू? मग हा दर रविवारी येणार आणि ओट्याकडे बघून रडणार. बघा, आत्ताच रडतोय! मला कुणी सांगितलं नव्हतं, की इथे ओटा बाईच्या नावावर होतो म्हणून. नवरा गेला तरी चालतो, ओटा येतो!"

"मी कुठे चाललोय?" बाबा घाबरून म्हणाले.

"तुझ्याबद्दल नाही चाललंय हे. शनिवारी दुकानं उघडी असतात का, तेक्ले?"

"असतात. पण शनिवारी तर... बस..."

"बसने कशाला? ट्रामने जाऊ. मला उंच हवा ओटा, माझी कंबर दुखते. आणि बेसिन खिडकीखालीच." मग तिने हेर ओल्डेकॉपच्या ताटात बाराव्या खिंकालीची भर घातली. "आणि याला सांग, ओटा कापू नकोस मूर्खासारखा. दार काढून त्याच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लाव. दाराला काय, ते कुठेही उघडतं."

तेक्लेने भाषांतर केलं. ओल्डेकॉप दाराकडे बघतच राहिले. तीन दिवस त्यांनी ओटा फिरवला होता. दार फिरवायचं डोक्यातही आलं नव्हतं. आणि तेक्ले? तेक्ले पळत बाल्कनीत गेली आणि सगळ्या लिंडनला ऐकू जाईल अशी ओरडली. काय ओरडली ते तिचं तिलाही कळलं नाही. समोरच्या बाल्कनीतल्या आजोबांनी "शांतता!" म्हणून दटावलं, तर बाबांनी त्यांनाही जेवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेक्ले उठली तर नव्या घराच्या रिकाम्या स्वयंपाकघरात आई गुडघ्यांवर बसून फरशीवर पिठाने रेघा मारत होती. लखलखीत फरशीचं वाटोळं झालं होतं. हा ओटा, हे बेसिन, ही शेगडी, इथे कणकेचा डबा, आणि इथे कुणीही मीठ ठेवायचं नाही. फ्राऊ टीमान दारात आल्या, पिठाच्या रेघा पाहिल्या आणि ओट्यावरून न चालता नीट वळसा घालून, जिथून वाट सोडली होती तिथूनच आत आल्या. एतेरीने मान डोलावली. ही बाई तिला पसंत पडली.

बाबा मात्र डोळे चोळत सरळ आत घुसले आणि मधेच उभे राहून जांभई देऊ लागले.

"झाझा," एतेरी वर न बघता म्हणाली, "तू फ्रिजमध्ये उभा आहेस. बाहेर ये आणि दार लाव."

बाबांनी पायांकडे पाहिलं, एक पाऊल मागे सरकले, आणि हवेतलं दार हळूच लावून घेतलं.